दोन खाचा पुढे

झाशी, ९ जून २०२४

ती. विद्याधरमामा,

मागचं दार तिसऱ्या खेपेला लागलं. सासूबाईंचा पदर बाहेर राहिला होता. तो आत ओढला, कल्याणीला मांडीवर घेतलं, पाय कुठे ठेवायचे ते शोधलं, आणि माझ्या डाव्या खांद्याला लागून बसलेला शोरूमचा कौशिक म्हणाला, "चलें, भाईसाहब?"

म्हणजे विकणारा मागे, आमच्यात. पुढे सलील चालवायला आणि त्याच्या शेजारी अण्णा. सासरे पुढे बसणार हे या घरात कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी मधे. मधल्या जागी पायाखाली उंचवटा आहे. त्यावर पाय ठेवले की गुडघे हनुवटीशी येतात. पहिल्या गाडीबद्दल मला खात्रीने सांगता येईल असं एवढंच आहे.

कौशिकने आम्हाला इलाइट चौराह्यावरून थेट छावणीत नेलं. छावणीचे रस्ते तुम्ही पाहिलेले नाहीत. झाडलेले, सपाट, रिकामे. तिथे खाटसुद्धा छान चालेल. अण्णा म्हणाले, "गचका नाही." कौशिक म्हणाला, "बाबूजी, मक्खन है." कल्याणी म्हणाली, "मम्मी, पीछे हवा नहीं आ रही." बाहेर पंचेचाळीस अंश होते. एसी अण्णांच्या कपाळावर येत होता.

परत आल्यावर सासूबाईंना उतरता येईना. सीट खोल आहे. सलीलने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही नको." संपलं.

तुम्हाला फोनवर शब्द कळत नाहीत म्हणून लिहिते आहे. ते बरंच आहे. फोनवर बोललं की घरातले सगळे ऐकतात.

गाडी का घ्यायची ते आता इथे कुणाच्या लक्षात नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या प्रांजलीची बदली झाली. आम्ही चौघी तिच्या व्हॅनने बरुआसागरला शाळेत जायचो, ती व्हॅन या महिन्याअखेर बंद. बस भरल्याशिवाय सुटत नाही. गेल्या वर्षी व्हॅन बिघडली होती त्या आठवड्यात मी रोज प्रार्थनेनंतर पोहोचले. आता हजेरी अंगठ्याची आहे आणि मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलंय की यंदा उशीर चालणार नाही. स्कूटरने हायवेवर जायचं नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सलील म्हणतो, "एक वर्ष बिनपगारी रजा घे, मग बघू." मग कुणी बघत नाही, मामा. प्रांजलीच्या जावेने अशीच रजा घेतली होती.

गाडी मी चालवणार, असं एप्रिलमध्ये ठरलं होतं. सकाळी कौशिकने किल्ली अण्णांच्या हातात दिली आणि थोड्या वेळाने सलील चालवायला बसलेला होता.

तुम्ही गाड्या तपासण्यात नोकरी घालवलीत. काय बघायचं ते लिहा.

तुमची
आभा


चिंचवड, १५ जून २०२४

चि. आभास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मुद्द्याचं लिहितो.

मोकळी गाडी तपासू नये. रोज जेवढी माणसं आणि जेवढं सामान जाणार तेवढं भरून तपासावी. छावणीत तर मुळीच तपासू नये. तुझ्या शाळेच्या रस्त्यावर ने. बेतवा नदीच्या पुलानंतर ट्रकच्या मागून निघताना इंजिन दम धरतं का ते बघ. क्लच जड आहे का? डाव्या पायाला रोज तोच त्रास होतो. उजवीकडे वळताना पुढचा खांब आड येतो का? मागे घेताना काच किती दाखवते? तुमच्या गल्लीत एका दमात वळते का?

या सगळ्याच्या आधी एक. चालवणाऱ्याने सीट आपल्या मापाने लावावी. दुसऱ्याच्या मापाच्या सीटवर बसून गाडी कळत नाही. आम्ही नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असू.

तू माझी जुनी गाडी मुळशीच्या घाटात नेली होतीस, तेव्हा तुझी मामी मागे डोळे मिटून बसली होती. गाडी मात्र कुठे घासली नव्हती. हे विसरू नकोस.

वरच्या प्रश्नांची उत्तरं कळव. मग सांगतो.

विद्याधर


झाशी, २१ जून २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं. नको होतं वाचायला.

सगळ्या पत्रातलं एकच वाक्य सगळ्यांनी उचललं. भरून तपासावी. काल दुसऱ्या शोरूमला निघताना अण्णा बाहेर आले ते चौरंग घेऊन. इथल्या मराठी घरांतल्या पूजा अजून तेच सांगतात, आणि चौरंग स्वतःचा नेतात. लोकांकडे एकतर नसतो किंवा डगमगता असतो. इतकी वर्षं ते ई-रिक्षात चौरंग मांडीवर घेऊन बसतात. म्हणून गाडीत चौरंग बसला पाहिजे. मी नाही म्हणत नाही. पण तो बसला नाही. गाडी सीएनजीची होती, सलीलला तीच हवी होती, आणि मागे डिकीत सिलिंडर. चौरंगाचे पाय सिलिंडरवर आपटले.

कौशिक आता आमच्यासाठी दोन्ही शोरूम फिरतो. त्याचा मेहुणा तिथे आहे. तो म्हणाला, "बाबूजी, ये टेबल फोल्ड नहीं होती?"

अण्णा म्हणाले, "ये टेबल नहीं है."

शेवटी चौरंग मागे माझ्या मांडीवर आणि कल्याणी चौरंगावर. ती म्हणाली, "मम्मी, मैं भगवान हूँ, नमस्ते करो." सासूबाईंनी खरंच हात जोडले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. अण्णा म्हणाले, "भरून तपासा म्हणाले ते बरोबर आहे हं विद्याधररावांचं."

तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. क्लच जड आहे का, माहीत नाही. खांब आड येतो का, माहीत नाही. मला सलीलच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती आणि चौरंगाची कड. आम्ही शाळेच्या वाटेवरच्या ओरछ्याच्या तिगैल्यापर्यंतही, म्हणजे तिठ्यापर्यंतही, गेलो नाही. सासूबाईंचं औषध घ्यायचं होतं म्हणून इलाइटवर थांबलो आणि तिथूनच परतलो.

तिसरी गाडी रविवारी बघायची आहे. उंच आहे म्हणतात.

मामा, तुम्ही मला गाडीबद्दल लिहिता. मी कुठे बसायचं त्याबद्दल लिहिते आहे. अण्णा तुम्हाला मानतात. त्यांना चार ओळी लिहाल का? गाडी आभा चालवणार आहे, एवढंच. माझ्या तोंडून ते तक्रारीसारखं वाटतं. शाळा एक तारखेला उघडते.

आभा


चिंचवड, २७ जून २०२४

श्री. विश्वंभरराव यांस स. न. वि. वि.

आपल्या घरी गाडी घेण्याचं चाललं आहे असं चि. आभाच्या पत्रावरून समजलं. आनंद झाला. सिंधूवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? उंच गाडी त्यांना सोयीची पडेल, हा आपला विचार योग्य आहे.

आगाऊपणाने एक सुचवतो. जो कोणी गाडी रोज चालवील, त्याने ती घेण्याआधी स्वतः चालवून पाहावी, आणि रोजच्याच रस्त्यावर पाहावी. बाकी आपण सुज्ञ आहात.

जावईबापूंना आणि चि. कल्याणीला आशीर्वाद.

आपला
विद्याधर


झाशी, ५ जुलै २०२४

राजमान्य राजश्री विद्याधरराव यांस विश्वंभर याचा सा. नमस्कार. विशेष.

आपले पत्र पावले. आपण सुचविले त्याप्रमाणे सर्व आधीच झाले आहे. जो रोज चालवील त्याने चालवून पाहावी हे मलाही पटते, म्हणून तिन्ही गाड्या सलीलनेच चालविल्या. तिसरी पसंत पडली. आमच्या घरातून, म्हणजे आपल्या सिंधूवहिनी, त्या गाडीत कुणाचा हात न धरता बसल्या आणि उतरल्या. पुन्हा बसल्या. दोन वर्षांनी त्यांना असे पाहिले. चौरंग पाय वर करून सरळ राहतो. पेट्रोलचीच घेतली, सलील जरा नाराज आहे. गुरुपौर्णिमेस रविवार आहे, त्या दिवशी घरी आणू.

आता आपण आभाचे मामा, म्हणून एक गोष्ट लिहितो. मनात ठेवून उपयोग नाही.

गाडी तिच्या शाळेकरिता घ्यायची असे आम्ही चैत्रात ठरविले होते. मला स्वतःला चालविता येत नाही. ट्रकांची मला भीती वाटते, हेही खरे. तरी पहिल्या दिवशी त्या कौशिकने किल्ली वडीलधारा म्हणून माझ्या हाती दिली, ती मी आभापुढे धरली. तिने घेतली आणि सलीलला दिली. मला वाटले संकोच असेल. दुसऱ्या खेपेस इलाइटवर सलील औषध आणावयास उतरला तेव्हा मी मागे वळून म्हटले, आभा, आता तू ये पुढे. किल्ली काढून तिच्यापुढे केली. ती म्हणाली, नको, सलीललाच राहू दे. तिसऱ्या खेपेस मी विचारले नाही. किती वेळ विचारावे माणसाने?

तेव्हा तिचा मनातून विचार नाही असे आम्ही समजलो. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले, त्या रस्त्यावर रोज काही ना काही होते. सलीलची ड्यूटी आठाची, तो बरुआसागरला सोडून परत वेळेत येऊ शकत नाही. तेव्हा ती एक वर्ष रजा घेते आहे. अर्ज तयार आहे. गाडी घरास उपयोगी पडेलच.

शाळा उघडून चार दिवस झाले. बसने जाते. घरी येते तेव्हा कुणाशी बोलत नाही. आमचे काही चुकत असेल तर कळवावे.

आपला
विश्वंभर


चिंचवड, ११ जुलै २०२४

चि. आभा,

तुझ्या सासऱ्यांनी तुझ्यापुढे दोनदा किल्ली धरली होती. एकदा तू ती सलीलला दिलीस, दुसऱ्यांदा घेतलीच नाहीस. हे मला त्यांच्याकडून कळलं. तुझ्या पत्रांत यातलं काही नाही.

मी तुझ्या बाजूने लिहायला गेलो आणि तोंडावर पडलो. चालवायची नाही असं असेल तर तसं सांग. त्यात लाज नाही. पण मला गाडीचे प्रश्न विचारू नकोस.

मामा


झाशी, १६ जुलै २०२४

मामा,

हो. दोनदा.

आता ऐका. या घरात अण्णांच्या हातून माझ्या हातात जे येतं ते पुढे द्यायचं असतं. तीर्थ, आरतीचं ताट, प्रसाद. ते पूजा सांगतात, मी उजव्या हाताला उभी असते, ते न बघता हात पुढे करतात आणि मी न बघता घेते आणि पुढच्याला देते. माझं सगळ्यांत शेवटी. बारा वर्षं माझे हात हेच करताहेत. पहिल्या दिवशी किल्ली आली आणि गेली. सलील गाडीत बसला तेव्हा मला कळलं की मी काय केलं. त्या गर्दीत "परत दे" म्हणू? कौशिकसमोर?

आणि दुसऱ्यांदा! इलाइट चौराह्यावर, रस्त्याच्या मधोमध, मागे टेम्पो हॉर्न वाजवतोय, मांडीवर चौरंग, चौरंगावर मुलगी. मी बारा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्या गाडीचा रिव्हर्स कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं. तिथे कुणी किल्ली देतं? छावणीच्या रिकाम्या रस्त्यावर का नाही दिली? तिथे तर सलील शीळ वाजवत चालवत होता. माझी गाडी बंद पडली असती तर सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं असतं. मला ते नको होतं. म्हणून म्हटलं, सलीललाच राहू दे. तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच तेव्हा लिहिलं असतंत.

तुमच्या पत्राची हकिगतही मला कळली. अण्णांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "जो कोणी रोज चालवील." जो कोणी! मामा, माझं नाव दोन अक्षरांचं आहे. तेवढी जागा त्या पत्रात होती.

एक तारखेपासून बसने जाते. बस तिगैल्यावर थांबते, ओरछ्याची माणसं चढतात, मग पुलावर ट्रकांच्या मागे उभी राहते. पहिल्या आठवड्यात तीनदा उशीर झाला. मुख्याध्यापिकांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. दहावीचा गणिताचा पहिला तास माझा आहे. मी पोहोचते तेव्हा दुसरीच कुणीतरी माझ्या वर्गात मुलींना गप्प बसवत असते.

रजेचा अर्ज सलीलने टाइप करून आणलाय. फ्रिजवर चुंबकाखाली आहे. सही माझी व्हायची आहे. सोमवारी द्यायचा. सलील वाईट नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काल त्याने विचारलं, "तुला नक्की काय हवंय, आभा?" मी म्हटलं, "एप्रिलमध्ये सांगितलं होतं." तो म्हणाला, "मग किल्ली का नाही घेतलीस?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना एका वाक्यात हवं आहे.

गाडी रविवारी येते. सासूबाई ती येण्याआधीच तिच्याबद्दल शेजारी सांगून आल्या. मी त्या गाडीत पुढच्या सीटवर अजून एकदाही बसलेले नाही.

तुम्ही परत अण्णांना लिहू नका.

आभा


झाशी, २२ जुलै २०२४

रा. रा. विद्याधरराव यांस सा. नमस्कार.

काल गाडी घरी आली. सलीलने आणली. फाटकासमोर गल्लीतच चौरंग मांडून पूजा केली. स्वस्तिक काढिले, चाकांखाली लिंबे ठेविली, नारळ सलीलने फोडला. कौशिकही आला होता, चपला काढून हात जोडून उभा होता. चौरंगाकडे बघून मला म्हणाला, "बाबूजी, अब समझा." बरा माणूस आहे.

किल्लीस हळदकुंकू लावून पेढ्यांच्या ताटात ठेविली आणि ताट आभाच्या हाती दिले. दर वेळी देतो तसेच दिले. माझ्या मनात काही होते असे म्हणणे खोटे होईल.

तिने ताट फिरविले. आधी आमच्या घरातून, मग शेजारच्या कमळाबाई, मग कौशिक. सलीलपुढे ताट आले तेव्हा त्याने किल्लीला हात घातला.

आभा म्हणाली, "पेढा घे."

तो म्हणाला, "अगं, गाडी आत लावायची आहे ना."

"पेढा घे, सलील."

कल्याणी मधेच म्हणाली, "पापा, पेड़ा ले लो ना." सलीलने माझ्याकडे पाहिले. मी नारळाचे तुकडे करीत होतो, ते करीत राहिलो. त्याने पेढा घेतला. ताट किल्लीसकट आत देवापुढे गेले. आमच्या घरातून म्हणाल्या, आता गाडी बाहेरच राहणार वाटते. गाडी गल्लीत आडवी होती, सायंकाळी दूधवाल्यास सायकल उचलून न्यावी लागली, तो पुष्कळ बोलला. मला किल्ली उचलता आली असती. मी उचलली नाही.

आज सकाळी आभा आंघोळ करून देवापुढे आली, नमस्कार केला आणि किल्ली घेतली. रजेचा अर्ज फ्रिजवर तसाच होता. सलील दारात उभा राहिला, शेजारी बसतो का असे त्याने विचारले. ती म्हणाली, नको, तुला ड्यूटी आहे. तिने सीट दोन खाचा पुढे घेतली. मोठा आवाज झाला. गल्लीच्या तोंडाशी गाडी दोनदा बंद पडली. आम्ही सर्व फाटकात होतो, कुणी आत गेले नाही, आमच्या घरातून ओरडून म्हणाल्या, "हॉर्न दे गं!" तिने दिला आणि वळली. काल पूजेनंतर डिकीत ठेविलेला चौरंग तिथेच राहिला, तो तिच्याबरोबर गेला. मला आज एके ठिकाणी पूजा आहे, तिथे पाटावर भागवावे लागेल. शाळेच्या वेळेस तिचा फोन आला. पोहोचले, एवढेच म्हणाली. मागे मुलींची प्रार्थना सुरू होत होती.

विश्वंभर